डाळिंबावरचं मोहोळ

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पन्नाशीत माश्या पाळायची हौस आली. हैदराबादला कामानिमित्त गेले होते, तिथे कुणाच्या बागेत पेटीत पाळलेल्या मधमाश्या बघितल्या आणि गावी येताच सुताराला बसवून तशीच पेटी करून घेतली. पेटी झाली, माश्या तेवढ्या राहिल्या.

पहिलं मोहोळ त्यांनी धारूरच्या डोंगरातून आणलं. राणीमाशी तिकडेच ढोलीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी. दुसऱ्या खेपेला नाक असं सुजलं, की तहसीलच्या चपराशाने त्यांनाच विचारलं, "पाटील हायत का घरी?" मग सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, निकाल देऊन टाकला. "आता एकदाच. न्हाई जमलं तर पेटी चुलीत."

तिसरं मोहोळ फाल्गुनात आपणहून आलं आणि बसलं कुठे, तर मागच्या अंगणातल्या डाळिंबावर. ते अंगण बायकांचं. मोगलाईतलं आमचं पाटलाचं घर, गोषा कडक. सुनेने सासऱ्याला चेहरा दाखवायचा नाही आणि आवाजही ऐकू द्यायचा नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, मामंजींनी माझा एक शब्द ऐकला नव्हता. माहेरी मी घर डोक्यावर घेणारी. या गप्प बसण्याने जीव नुसता घुसमटायचा.

त्या दिवशी बाकी पुरुषमाणसं शेतावर होती. माश्यांच्या झुपक्यावर टोपली धरायला कुणीतरी हवं, म्हणून मला बोलावलं. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून टोपली धरली, मामंजी माझ्याकडे न बघता झुपक्याच्या पलीकडे उभे राहिले. मधे आत्याबाई, निरोप पोचवायला.

"तिला म्हणावं, टोपली जरा खाली."

"टोपली खाली घे," आत्याबाई मला म्हणाल्या, "आन् ह्यांचं खूळ कवा उतरतंय, देव जाणे."

मामंजींनी कडुलिंबाच्या डहाळीने माश्या हळूहळू वर सारल्या. टोपली भरत आली. तेवढ्यात एक माशी आत्याबाईंच्या कानाला डसली आणि त्यांनी घरात पळून दार लावून घेतलं. मामंजींनी टोपली नेली, माश्या पेटीत झटकल्या आणि झाकण हातात घेतलं.

माझ्या पदराच्या काठावर एक लांबट माशी चालत होती, भोवती सात-आठजणी. माहेरी मोहोळ काढताना मी राणी पाहिलेली होती, लगेच ओळखली. झाकण लागलं, की पेटी उद्या रिकामी आणि परवा चुलीत. सांगायचं कुणाकरवी? दार तर बंद.

"मामंजी," मी म्हणाले, "राणी माझ्या पदरावर हाय."

ते जागीच थांबले. वळले मात्र नाहीत. पेटी उचलून पाठमोरेच एकेक पाऊल माझ्याकडे आले, वाटेत घागरीला अडखळले, पेटी खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पदर पेटीवर हलकेच झटकला. राणी आत गेली, तिच्यामागून उरल्यासुरल्या गेल्या.

आत्याबाईंनी दारातून डोकं काढलं. "कोन बोललं? बाईचा आवाज आला."

"मी बोलत व्हतो, माश्यांसंगं."

"आन् माशीनं जबाब दिला व्हय?"

"दिला. तुझ्यापरीस गोड बोलती."

मी पदराआड हसले. हसता हसताच रडू आलं.

पेटी डाळिंबाखालीच राहिली, स्वैपाकघराच्या खिडकीसमोर. दुसऱ्या दिवशी मामंजी आले आणि खिडकीकडे पाठ करून पेटीपुढे बसले. बराच वेळ माश्यांची ये-जा बघितली. मग पेटीलाच विचारावं तसं म्हणाले, "पोरी, करमतं का गं तुला आमच्या घरी?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई करमत, मामंजी," मी म्हणाले, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत बोलत राहिले.