सर्कशीतल्या गोदूआजीचं लग्न

मंडळी, घरी जायच्या आधीच सायबर कॅफेत शिरलेय. हे आजच सांगायचंय.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं चाललंय. त्यासाठी सकाळपासून खांदेश्वरला काकांच्या फ्लॅटवर आम्ही दोघं जुने कागद चाळत होतो. माझ्या पणजोबांची बहीण गोदावरी सर्कशीत झुल्यावर कसरती करायची. घरात तिचा विषय निघाला की सगळे गप्प होतात.

"गोदूआजीचं नुसतं नाव टाक," काका म्हणाले. "लग्न वर्षभरसुद्धा टिकलं नाही. नवऱ्याने झुला सोड म्हटलं, तर हिने नवऱ्यालाच सोडलं. मग माहेरच्यांनीही दार लावून घेतलं. लोकांना कशाला सांगायचं?"

तेवढ्यात पणजोबांनी स्वतः लिहिलेली वंशावळ हाती लागली. बहिणीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं आणि खाली मोडीत दोन ओळी. मला मोडी येत नाही. काका मोठ्याने वाचू लागले, "पतीशी पटले नाही. सर्कशीत परत जाण्याची तिची इच्छा. मी स्वतः पोचवून आलो. झुल्यावर पाहिली, धन्य वाटले."

काकांनी कागद खाली ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "आम्हाला उलटंच सांगितलं गं. हे जसंच्या तसं छाप."

त्या काळात संसार सोडून झुल्यावर परतणारी बाई आमची, आणि तिला तंबूपर्यंत सोडायला गेलेला भाऊही आमचाच! केवढा अभिमान वाटतोय म्हणून सांगू!

तुमच्या घरात जिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात, तिची खरी हकिकत कधी शोधलीत का?