परतताना वाजवायचं

भुसावळला गाडी बदलली तेव्हा एक गृहस्थ माझ्या पिशवीवर ऐसपैस बसले आणि चकल्यांचा भुगा झाला. वाचलं ते फक्त पुण्याच्या फुटपाथवर घेतलेलं जुनं इंग्रजी पुस्तक. अमेरिकेतलं जाझ नावाचं संगीत आणि त्यापायी घरदार सोडून भटकणारी तिकडची पोरं, यांच्यावरचं. ते रघूला वाचून दाखवायचं होतं.

रघू माझा शाळासोबती, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. राज्यांची फेररचना झाली. मी मुंबई राज्यात, तो मध्य प्रदेशात.

बुधवारा पेठेतल्या त्याच्या घरात पाऊल टाकलं. छातीच्या दुखण्यानं त्याचा नुसता सापळा उरला होता. फुंकायला डॉक्टरांची बंदी.

"या, परराज्याचे पाव्हणे!" तो म्हणाला. वहिनींनी दराबा (रवा, तूप, साखर घोटून केलेली मिठाई) पुढे ठेवला. त्यानं चिमूटभर खाल्ला. मी मेल्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुपारभर मी वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो. वहिनी दाराशी कापूस निवडत ऐकायच्या.

"अरे, हे तर आपलेच लोक! वरात दुसऱ्याची अन् पोट आपलं रिकामं," रघू हसायचा, खोकायचा. "रुक मत भाऊ, आगे वाच." नोकऱ्या सोडणाऱ्या पोरांवर मात्र तो भडकायचा. "पाठव इकडे, जसोंडी गावच्या मळ्यात केळीचे घड उचलायला लावतो!" इतकं हसत मी कुठलंच पुस्तक वाचलं नव्हतं.

मग ते पान आलं. तिकडच्या एका शहरात वादक वारला की बँड सोबत जातो. जाताना संथ, रडवं वाजवतात. परतताना मात्र नाचायला लावील असं.

रघू म्हणाला, "मलाही असंच पोचवा रे."

"काहीही काय बोलता!" वहिनी कडाडल्या आणि आत गेल्या. आमच्याकडे अंत्ययात्रेत बाजा लागतो तो पणतवंडं पाहिलेल्या म्हाताऱ्याला. रघूची चाळिशीसुद्धा आली नव्हती.

त्याच आठवड्यात एका पहाटे तो गेला. बँडवाले वाद्यं घेऊन दारात उभे राहिले. रघूच्या काकांनी हात वर केला. "जवान मौत आहे. बाजा नाही लागायचा."

मला संताप आला, पण त्याच हातानं त्यांनी डोळे पुसले. राजपुऱ्यातून तापीच्या घाटापर्यंत वादक मुकी वाद्यं छातीशी धरून चालले.

परतलो. कडुनिंबाचा पाला चावायला सगळे दाराशी थांबले. वहिनी उंबऱ्यावर आल्या.

"जाताना रीत पाळली ना, काका? आता परत आलात. परतताना बाजा नको, अशी रीत आहे का कुठं?"

काका वाटेतून बाजूला होऊन ओट्यावर बसले.

"वाजवा रे," वहिनी बँडवाल्यांना म्हणाल्या.

ढोल घुमला. ऐन वरातीची चाल. वहिनी चौकट धरून उभ्या होत्या, डोळ्यांना धार लागलेली. मी तर चक्क हुंदके देऊन रडलो.

निघताना पुस्तक पिशवीत टाकायला गेलो.

"राहू द्या, भाऊजी. मला वाचता येत नाही. पण हे कुठल्या पानावर हसले ते ठाऊक आहे."

परतीच्या गाडीत पिशवीवर कुणीच बसलं नाही. पुस्तकाचा शेवट आमचा वाचायचा राहिला. पुण्यात कदाचित दुसरी प्रत मिळेल. मी शोधणार नाही.