अकरावी कैरी

कुणी जवळ आलं की नाना कागद पालथा घालायचे. येणारा चहावाला असो, कारागीर असो की खुद्द सेठ, हात आधी कागदावर जायचा आणि नजर मग माणसावर. कागद नीट पालथा झाल्यावरच "या, बसा" व्हायचं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, पण नाना त्यांच्यातले वरच्या नंबरचे होते.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापलेलं पाहून ते खूश झाले नसते. कुणी छापलं, का छापलं, आणखी कुठं कुठं छापलं, याची चौकशी मात्र महिनाभर चालली असती.

सुरतेजवळ उधन्याला आमच्या सेठचा पॉवरलूमचा कारखाना होता. साड्यांच्या काठांची डिझाइनं नाना हातानं काढायचे. कागद चौकोनांचा, ग्राफचा. एक चौकोन म्हणजे एक धागा. मूळचे ते शिरपूरकडचे, आणि पंचवीस वर्षं सुरतेत काढूनही जिभेवरची अहिराणी गेली नव्हती. मी परभणीकडची, कॉम्प्युटरचा कोर्स करून ऑफिसात नुकतीच लागलेली. पहिल्या दिवशी नमस्कार केला तर म्हणाले, "तुले कोनी धाडं?" सेठनं कामावर ठेवलंय म्हटलं. "ते माले ठाऊक शे. पन धाडं कोनी?"

संशय अगदीच फुकटचा नव्हता, हेही सांगायला हवं. एखादा काठ बाजारात चालला की आठवड्याभरात तो दुसऱ्याच्या मागावर दिसायचा. म्हणून कुठलाही कागद हातातून सुटताना नानांचा प्रश्न ठरलेला, "हाई कोठे जास?" झेरॉक्सला कागद दिला तर स्वतः मशीनच्या मागं जाऊन उभे राहायचे, एखादी प्रत तिकडून निघत असेल तर धरायला.

अशात सेठच्या मुलाला, म्हणजे छोट्या सेठना, वेबसाइट काढायची हुक्की आली. तेव्हा सुरतेत निम्म्या लोकांना वेबसाइट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि उरलेल्यांना ती ताबडतोब हवी होती. मुंबईचा एक माणूस ती इंटरनेटवर चढवणार होता; पानं कशी दिसतील याची चित्रं मात्र आम्ही करून द्यायची होती. माझ्या मशीनवर चित्रं काढायला कोरल होतं आणि फोटोशॉपही होतं, पण दोन्ही एकदम उघडली की मशीन जागच्या जागी बसायचं. कुठलं तरी एकच धरायला हवं होतं. छोटे सेठ म्हणाले, "बॉर्डर नानानी छे, नानाने पूछो."

नानांनी दोन्ही सॉफ्टवेअरची उलटतपासणी घेतली. दोन्हींत काठावरची एकेक कैरी काढायला लावली. मग कोरलमधल्या कैरीकडं बोट करून म्हणाले, "जवळ जाय." मी ती मोठी केली. "आखो जवळ." कितीही मोठी केली तरी रेघ गुळगुळीतच. नाना मागं सरकले. "हाई खोटं बोलस. इतलं जवळ जाईसन बी काहीच उसवत नही?"

फोटोशॉपमध्ये जवळ गेल्याबरोबर कैरीचे चौकोन चौकोन झाले. नाना खुर्चीतून पुढं झुकले आणि पडद्यावर बोट ठेवून चौकोन मोजायला लागले. "हाई तर आपला ग्राफ शे," म्हणाले. "हाई खरं बोलस." गुळगुळीत राहते ती रेघ चांगली, असं कोर्समध्ये मला नेमकं उलट शिकवलं होतं, पण मी वाद घातला नाही.

एक प्रश्न राहिला होता. "पुसेल परत येस का?"

मी कैरी पुसली आणि बटण दाबून परत आणली. "येतं की, नाना." तेव्हाच्या फोटोशॉपमध्ये एकच पाऊल मागं जाता यायचं, त्याच्या आधीचं गेलं ते गेलं, हे मी सांगितलं नाही. एवढं कोण सांगत बसतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कैरीचा नवा काठ आणला. माझ्या टेबलावर ठेवला, उताणा, आणि चहा प्यायला खाली निघून गेले. सगळं ऑफिस बघत राहिलं. मला तर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

काठात ओळीनं अकरा कैऱ्या होत्या. मी तो तुकड्यातुकड्यांनी स्कॅन केला, जोडला, आणि पाहते तर दहा कैऱ्यांची शेपटं उजवीकडं आणि अकराव्या कैरीचं डावीकडं. वाटलं, जोडताना माझंच काही चुकलं. मग कागद पाहिला, तर तिथंही तसंच. नानांची नजर आता थकली, असं मी ठरवून टाकलं. पहिली कैरी उचलली, अकरावीच्या जागी बसवली, सेव्ह केलं आणि मशीन बंद केलं. त्यांचं म्हातारपण झाकल्याचं समाधानसुद्धा वाटलं. वेबसाइटच्या पानाच्या माथ्यावर तो काठ झकास दिसत होता. छोट्या सेठनी त्याच्या प्रिंट काढल्या आणि लग्नपत्रिका वाटाव्या तशा बाजारभर वाटल्या.

दीडेक महिन्यानं तोच काठ दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या साड्यांवर आला.

नानांनी त्यातली एक साडी मिळवली आणि आपला कागद घेऊन तडक सेठच्या केबिनमध्ये गेले. मी दारातच होते. तिथं मला पहिल्यांदा कळलं की नाना प्रत्येक डिझाइनमध्ये मुद्दाम एक चूक घालून ठेवत. कुणाला सांगत नसत. नक्कल करणारा चुकीचीही नक्कल करतो आणि तिथं सापडतो. "सेठ, ग्यारवी कैरी देखो," म्हणाले, आणि साडीवर बोट ठेवून मोजायला लागले. अकरावी सरळ होती, शेपूट बाकीच्यांसारखं उजवीकडं. त्यांनी पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं.

सेठ हळूच म्हणाले, "नाना, निशानी तो तमारा सिवाय कोईने खबर नहोती. तो काढी कोणे?"

प्रश्न साधा होता आणि भयंकर होता. चोरानं चुकीसकट उचललं असतं. चूक शोधून काढणारा म्हणजे ती माहीत असणारा, आणि तसा माणूस जगात एकच. जन्मभर ज्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, त्या नानांनीच काठ विकला, असं त्या दुपारी ठरलं. सेठच्या जागी नाना असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

आणि मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही. तीन दिवस गप्प बसले. त्या तीन दिवसांत नाना आले की कारागीर बोलणं थांबवायचे आणि सेठ टेबलावरचे कागद झाकायचे. चौथ्या दिवशी मला बघवेना. नाना समोर असतानाच मी सेठना सांगितलं की चूक मी पुसली, मला वाटलं ती चूकच आहे.

सेठ पोट धरून हसले. "अरे, छोकरीए सुधारी नाखी!" त्यांच्यापुरता विषय संपला.

नाना हसले नाहीत. बाहेर आल्यावर आपल्या जागेवर बसले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "पुसेल परत येस का, माय?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. आमच्या पानावरची कैरी मी पुन्हा वाकडी करू शकत होते; बाजारात गेलेल्या साड्यांवरची नाही, आणि ते तीन दिवसही नाही.

"नाही येत, नाना."

त्यांनी मान हलवली. मग समोरचा कागद उचलला आणि माझ्यादेखत पालथा घातला. सावकाश, चहावाला आला की घालायचे तसाच. मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं, आणि कागदावरचा हात काढला नाही.

दिवाळीला नाना गावी गेले ते परत आले नाहीत. तब्येतीचं कारण कुणीतरी सांगितलं, खरंखोटं माहीत नाही. त्यांच्या कपाटातला गठ्ठा छोट्या सेठनी माझ्या टेबलावर आणून टाकला, "बधुं स्कॅन करी नाख," म्हणजे सगळंच. सगळे कागद पालथे होते.

मी वरचा एक उताणा केला. वेलीचा काठ होता. यात कुठंतरी चूक असणार, हे आता मला ठाऊक होतं. शोधायला अर्धा दिवस लागला. एका पानाला देठ नव्हता.

मी तो जोडला नाही.