आपल्या विनंतीवरून

सरकारी ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. रद्दीसारखे आपोआप साचतात, आणि रद्दीसारखेच कुणी विकत घेत नाही. मी एका शेतकी ऑफिसात जावक कारकून होतो. काम एकच : महिन्याचे सर्क्युलर लिस्टवरच्या हजारो शेतकऱ्यांना पाठवायचे.

*

आमच्या लिफाफ्यांवर छापले होते, 'मध्य प्रांत व वऱ्हाड'. ते राज्य जाऊन कैक वर्षे झाली होती. साहेब म्हणाले, "स्टॉक संपेपर्यंत वापरा."

नवा पोस्टमन गठ्ठा उचलताना म्हणाला, "बाबू, हे राज्य कोनतं?"

आमचे शिक्केवाले बोंद्रे म्हणाले, "गेलं गा ते. आमीच राह्यलो!"

*

पत्रे लवकर पोचावीत म्हणून साहेबांनी प्रत्येक लिफाफ्यावर 'तातडीचे' असा लाल शिक्का मारायला लावला. पत्रे आणखी उशिरा पोचू लागली.

पोस्टमन म्हणाला, "सारंच तातडीचं, त मी पहिले काय वाटू?"

तेव्हापासून खरेच घाईचे पत्र असले की बोंद्रे म्हणायचे, "याले शिक्का नोका मारू. पोचलं पाह्यजे!"

*

काही लिफाफे 'मालक मयत' असा शेरा घेऊन परत येत. मी ते साहेबांपुढे ठेवले.

त्यांनी शेरा मारला, 'मालकाकडून खुलासा मागवावा.'

*

एकदा रामटेककडची एक बाई आली. नवरा धानाची शेती करायचा. दूर परमुलखात कामाला गेला आणि तिकडेच तापाने वारला. क्रियाकर्मही तिकडेच उरकले.

"बाबू, त्याचं नाव काढून टाका न. दर महिन्याले तुमचं पत्र येते. सासू म्हनते, मेलेल्याले सरकार कायले पत्र धाडन? दोन वर्सं झाले, बुढी रोज त्याचं ताट वाढून राह्यली."

नियम असा की नाव कमी करण्याची विनंती ज्याची त्यानेच करावी. साहेबांनी विचारले, "अर्जदार स्वतः हजर आहे का?"

"तो हजर असता त मी कायले आली असती?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली. नोकरीत त्यांनी नियम मोडलेला मी एवढाच पाहिला.

नाव मी स्वतः लाल शाईने खोडले. मग शिरस्त्याप्रमाणे छापील कळवणी भरली. तीस वर्षांची सवय. लिस्टवरचे नाव-पत्ता उतरवला, लिफाफा पुढे सरकवला. बोंद्रेंनी शिक्का मारला नाही. म्हणाले, "बिचारीचं काम हाये. वेळेवर पोचू द्या."

दुसऱ्याच दिवशी पोचले!

आठवड्याने बाई पुन्हा टेबलासमोर उभी. हातात आमचेच पत्र. 'आपल्या विनंतीवरून आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे.'

"बुढीनं मास्तराकून दोनदा वाचून घेतलं," ती म्हणाली. "म्हनते, पाह्य वं, त्यानं सोता विनंती केली! गाव बदललं असन त्यानं."

बोंद्रे शिक्का हातात धरून बसले होते.

"नवा पत्ता इचारून ये म्हनते, बाबू."