माझे आकडे, त्यांची सही

बस्वराज सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नांदेडला, शाळेतल्या माझ्या खोलीत पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावत बसलो होतो. निलंग्याच्या जुन्या शिक्षकांचा मोबाईलवर एक गट आहे. त्यावर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, फोन उपडा ठेवला आणि नववीच्या एका रिकाम्या चौकोनात ‘गणित’ लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं, तो चौकोन खेळाचा होता... खोडला. त्या दिवशी तरी खोडला.

सात आठवडे झाले त्याला. सरांबद्दल चांगलं लिहायला पुष्कळ माणसं आहेत. मला जे लिहायचं आहे ते अठरा वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

निलंग्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते शारीरिक शिक्षण. शिडशिडीत अंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शिट्टी. घरी कन्नड बोलायचे. शर्यत लावली की बाकीचे लोक पहिल्या पोराकडे बघायचे, हे मात्र सगळ्यात मागच्या लेकराच्या बाजूनं धावत ‘बा, बा, बा’ म्हणजे ये, ये, असं म्हणत त्याला रेषेपर्यंत आणायचे. त्यांच्याजवळ एक लोखंडी वजनकाटा होता. तो सायकलच्या कॅरेजला बांधून आणायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ‘काटा सर’ पाडलं होतं. आम्हीही शिक्षकांच्या खोलीत कमी नव्हतो. ते दारात दिसले की कुणीतरी म्हणायचं, आला काटा, पोटं आत घ्या. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “या सर, तुमचंबी घेतो. पण काटा दोनच मणाचा हाय, तुमीच बगा.” सगळे हसायचे, मीही हसायचो.

दर सत्राला प्रत्येक मुलाची उंची, वजन, पन्नास मीटर धावायला लागलेला वेळ आणि जागेवरून मारलेली उडी असं सगळं एका पिवळ्या कार्डावर लिहायचं असे. इतर शाळांतून ते कसं लिहितात हे मला ठाऊक होतं. बस्वराज सर मात्र एकेका पोराला अनवाणी उभं करून मोजायचे. आणि त्यांची एक रीत होती. एका मुलाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी कधी लावायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, वर्गाची सरासरी काढून देऊ का? तर म्हणाले, लेकराला लेकराशी कशाला जोडायलाव सर, त्याचं त्याच्याशीच बगा, मागच्या वक्ताला किती होतं अन् आता किती हाय. मुलाचा आकडा मागं सरकला की ते संध्याकाळी सायकल काढून त्याच्या घरी जायचे. कुणाच्या पोटात जंत निघाले, कुणाच्या अंगात रक्तच नव्हतं. ते काही डॉक्टर नव्हते. त्यांना फक्त कळायचं की काहीतरी बिघडलंय, दवाखान्यात न्या.

मी पर्यवेक्षक झालो त्या साली आमच्याकडेही लातूरच्या निकालांचं वारं भरलं होतं. पालक येऊन विचारायचे, गणिताचे तास वाढवता का? मी आठवीच्या खेळाच्या तीन तासांतले दोन घेतले. मग तिसराही मागितला. सर म्हणाले, घ्या, सहामाही परीक्षा होईस्तोवर. परीक्षा झाली, तास परत गेले नाहीत. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र ‘खेळ’ तसाच लिहिलेला राहिला, कारण तपासणीला तो दिसावा लागे. त्या तासाला मी वर्गात शिरलो की पोरं बूट सोडत गणिताच्या वह्या काढायची.

त्या वर्गात सोजर नावाची मुलगी होती. सातवीत असताना तिच्याइतकं कुणी धावत नव्हतं. आठवीत ती माझ्या तासाला सारखी उठायची. सर, पाणी पिऊन येऊ? सर, बाहेर जाऊन येऊ? मला वाटायचं, गणित चुकवते आहे. एकदा भर वर्गात म्हणालो, हिच्या बाकालाच टाकी बांधा रे. वर्ग हसला. ती खाली मान घालून बसली आणि त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. तहान दाबून बसायची असणार... हे वाक्य लिहायला मला आज दोनदा उठून फिरून यावं लागलं.

जानेवारीत तपासणी लागली. दुसऱ्या सत्राचे पिवळ्या कार्डांवरचे रकाने कोरे होते, कारण मोजायला तासच उरले नव्हते. मी सरांना म्हणालो, अंदाजानं भरून टाका. ते म्हणाले, “तुमी पेपर न बगता मार्क देताव का?” आणि दुसऱ्या दिवशी खो-खोचा संघ घेऊन उदगीरला गेले. मग शाळा सुटल्यावर मीच गठ्ठा घेऊन बसलो. मी गणिताचा माणूस. प्रत्येकाच्या उंचीत तीन-चार सेंटिमीटर वाढवले, वजनात दोन-तीन किलो, धावण्यातला अर्धा सेकंद कमी केला. सगळे एकसारखे वाटू नयेत म्हणून मध्ये मध्ये आकडे हलवले. सोजरचं वजन चौतीस होतं, मी सदतीस केलं. खाली शिक्षकाची सही लागायची. सरांची सही सोपी होती, एक ‘ब’ आणि पुढं लांब रेघ. दीडशे कार्डांवर मी ती केली. तपासायला आलेल्या साहेबांनी कार्डं चाळून मुलांची वाढ उत्तम आहे, असा शेरा मारला. मग कार्डं पालकांना दाखवायला मुलांबरोबर घरी गेली.

तीन आठवड्यांनी सोजर घरी चुलीपाशी कोसळली. लातूरच्या दवाखान्यात नेईस्तोवर तिला शुद्ध नव्हती. रक्तातली साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी बापाला विचारलं, पोरगी वाळत चालली होती, तुम्हाला दिसलं नाही? वजन घेतलं तर सत्तावीस. ती वाचली. पण रोज सुई टोचून घेण्याचं तिच्या वाट्याला आलं ते जन्माचं. ते काही माझ्यामुळं झालं नाही, तो आजारच तसा असतो, हे डॉक्टरांनी मला पुढं समजावून सांगितलं. मात्र वेळेवर मोजलं असतं तर तिला मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं नसतं, हेही त्यांनीच सांगितलं.

तिचा बाप शाळेत आला. आडदांड माणूस, पण आवाज चढवला नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्यानं ते कार्ड ठेवलं आणि म्हणाला, आमी अडाणी, आमाला दिसलं न्हाई. पण मास्तरनं सदतीस लिवलंय, हे कुठून लिवलं? मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. मी तिथंच, खिडकीपाशी उभा होतो. सरांनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मी सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ देतो, कॉलेजपासूनची सवय आहे. ते सात त्यांनी माझ्या हातचे फळ्यावर हजारदा पाहिले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

“चूक माझी हाय,” ते त्या बापाला म्हणाले. “मी मोजलं न्हाई.”

मला फक्त तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. त्यांना नोटीस मिळाली, एक वेतनवाढ थांबली, आणि गावात काही दिवस लोक त्यांना काट्यावरून वेगळ्याच सुरात चिडवत राहिले. आठवड्यानं सायकली लावायच्या जागी मी त्यांना गाठलं आणि काहीतरी पुटपुटायला लागलो. त्यांनी सायकलचं कुलूप काढता काढता मला थांबवलं. “तास तुमी मागितलाव, खरं हाय. पण दिला तर मीच की, सर.” एवढंच. ही माफी होती की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या सोमवारपासून ते शाळा भरायच्या एक तास आधी मैदानावर उभे राहू लागले. कुणाकडं तास मागायला गेले नाहीत. सुरुवातीला सहा पोरं आली, दिवाळीनंतर साठ.

मी पुढं बदली घेऊन नांदेडला आलो. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला तब्येतीचं कारण सांगितलं. आता ते गेल्यावर पाच-सहा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तर सरांच्या बायकोशेजारी बसलेल्या एका बाईनं विचारलं, वळखलाव का सर? सोजर होती. देवणीला दिलेली, तिथं अंगणवाडीत काम करते. म्हणाली, काटा सर दर महिन्याला आमच्या घरी काटा घेऊन यायचे, माझं लगीन होईस्तोवर. इंजेक्शन घेऊनबी पळता येतं, हे त्यांनीच पळवून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, त्यांच्याकडून ती एक चूक झाली खरी, पण मी ती कवाच मनातून काढली. मी मान हलवली. चहा प्यालो. दुसऱ्यांदा गप्प बसलो.

त्यानंतर मला नीट झोप लागेना. पंधरा दिवसांनी निलंग्याहून देवणीची एसटी धरली. सोजरच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, आकडे कसे वाढवले तेसुद्धा. ती निवडायला घेतलेली तूर तशीच धरून बसली.

“सरांना ठाऊक होतं?”

“होतं.”

तिनं मुठीतली तूर सुपात सोडली. “माझ्या लग्नात मी त्यांच्या पाया पडून म्हणले होते, सर, मी तुमाला माफ केलं. नुसते हासले.” मग सूप बाजूला ठेवून माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “मला सांगून काय उपेग? माझा बाप मेला त्यांना बोल लावत. गावाला सांगा. छापून सांगा.”

म्हणून हे छापून सांगतो आहे. ते कार्ड मी भरलं होतं. ती सही मी केली होती. बस्वराज सरांनी आयुष्यात एकाही लेकराचं वजन न मोजता लिहिलं नाही.

त्या दिवशी सोजरच्या ओट्यावरून मी उठणार तेवढ्यात तिची दुसरीतली मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकलं, चपला काढल्या आणि कुणी न सांगता दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. चौकटीवर खालून वर पेन्सिलीच्या रेघा होत्या, प्रत्येकीसमोर सरांच्या बारीक अक्षरात आकडा. सर इथंही येऊन मोजायचे, शेवटची रेघ गेल्या दिवाळीची. सोजरनं पोरीच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून नवी रेघ ओढली, टेपनं मोजलं, आकडा मोठ्यानं म्हटला. पेन्सिल माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती... तिनं दिली नाही, आणि मीही मागितली नाही. तिनंच लिहिलं.