फाईल जिवंत राहावी म्हणून

"चमचा ठेवा खाली. भरवायचं मी बघते. तुम्ही आईंचं बेडपॅन तेवढं बघा."

सून अगदी हळू बोलली. मराठीत. खोलीत आम्ही तिघीच होतो. कॉटवर आजी, पायाशी सून, आणि हातात वरणभाताचा चमचा धरलेली मी. आजींनी घासासाठी तोंड उघडलेलं होतं. सुनेनं माझ्या हातातून चमचा घेतला नाही. मी तो ट्रेमध्ये ठेवेपर्यंत थांबली. मग स्वतःच्या पिशवीतून दुसरा काढला. आजींनी तोंड मिटलं आणि खिडकीकडे पाहिलं.

मी बेडपॅन उचललं. बाहेर नेलं. धुतलं.

मी सिंगापूरला नोव्हेना भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सून घरीच, राहायला कोंडो, म्हणजे महागड्या सोसायटीतला फ्लॅट. पहिल्या दिवशी मी मराठी बोलले तर दोघांना केवढा आनंद. "अरे वा, आपली सिस्टर!" मुलगा म्हणाला. आजींनी तर माझा हातच सोडला नाही. "बाळ, माझे केस विंचरून दे गं. इथल्या पोरींना तेल लावता येत नाही." मी विंचरले. बारीक वेणी घातली. परक्या देशात कुणीतरी बाळ म्हणालं, मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सुनेनं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"परभणी."

"अय्या, माझे मामा परभणीला वकील आहेत. परभणीत कुठे?"

मी म्हटलं, "भीमनगर."

एवढंच. आडनाव विचारायची गरज उरली नाही. तिचं हसू तोंडावर तसंच होतं, पण ते आता माझ्यासाठी नव्हतं. "हो का," म्हणाली आणि मोबाईल बघायला लागली. त्या संध्याकाळी मी आजींच्या उशाशी कंगवा शोधला, तर तो कचऱ्याच्या डब्यात होता. दुसरा नवा आणला होता. आणि तिसऱ्या दिवशी तो चमचा.

माझ्यासोबत ग्रेस ड्युटीला होती. फिलिपिन्सची. आम्ही दोघी सेरंगून भागात एकाच फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. ग्रेस सगळं मांस खाते, तिला त्याचा काही विधिनिषेध नाही. तिच्या हातचा घास आजींना चालला. डब्यातला वरणभात त्यांच्या घरच्या इंडोनेशियन मेडनं केलेला असायचा. तोही चालला. माझ्या हातचं इंजेक्शन चाललं. ड्रेसिंग चाललं. ढुंगण पुसलेलं चाललं. चमचा तेवढा चालला नाही.

माझी आई परभणीच्या सरकारी दवाखान्यात आया होती. बाळंतिणींचे नातेवाईक खुशीनं पैसे द्यायचे, ते वरून टाकायचे. हाताला हात लागू नये म्हणून. आई घरी येऊन म्हणायची, "तू शिस्टर व्हय. शिस्टरच्या हातचं समदे घेतेत." मी ते खरं मानलं. शिकले. परीक्षा दिल्या. समुद्र ओलांडला. मला वाटलं, पांढरा ड्रेस घातला की सुटलो.

त्या दिवशी मी का बोलले नाही, ते सांगायला हवं.

माझा नवरा आणि मुलगी परभणीला असतात. नवरा शाळेत शिक्षक आहे. मुलगी आठवीत आहे. माझ्या इथल्या कामाच्या परवान्यावर मला त्यांना सिंगापूरला आणता येत नाही, तेवढा माझा पगार नाही. तिघांनी एका घरात राहायचा एकच रस्ता आम्हाला दिसला, अमेरिकेचं ग्रीन कार्ड. तिथल्या एका हॉस्पिटलनं माझ्यासाठी अर्ज केला. तो मंजूरही झाला. पण मंजूर होणं वेगळं आणि नंबर लागणं वेगळं. नंबर जन्माच्या देशावर लागतो. ग्रेसचाही असाच अर्ज आहे, माझ्या नंतरचा, पण तिचा नंबर भराभर पुढे सरकला. भारतात जन्मलेल्यांची रांग हलतच नाही. कधी कधी तर मागे जाते. इथे कुठल्या वस्तीत जन्मले ते बघतात, तिथे कुठल्या देशात.

या अर्जाला आम्ही घरात फाईल म्हणतो. फाईल नुसती पडून राहत नाही, ती जिवंत ठेवावी लागते. पत्र आलं की उत्तर द्यायचं. वर्षभर गप्प बसलं की ती बंद करतात. तिथलं नर्सिंगचं लायसन मुदतीत वाढवायचं. इंग्रजीची परीक्षा मी पुन्हा दिली, कारण आधीचा निकाल जुना झाला होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या हॉस्पिटलला आपण अजून हव्या असायला पाहिजे. त्यांनी हात काढला की संपलं. म्हणून मी इथली नोकरी बदलली नाही. जास्त पगाराची आली तरी नाही. कुणाशी भांडले नाही. माझी सासू वारली तेव्हा इथे सुट्टी नाकारली, तेही सोसलं. रेकॉर्ड स्वच्छ पाहिजे. मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "आई, फाईल कशी आहे?" एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तशी.

आणि नेमकं याच महिन्यात तिकडच्या हॉस्पिटलचं व्यवस्थापन बदललं होतं. त्यांच्या वकिलाचा मेल आला होता. सध्याच्या नोकरीचं नवं पत्र पाठवा. अनुभव किती, आणि शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही, असं दोन्ही त्यात पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. ते पत्र माझी नर्स मॅनेजर देणार होती. मी तिच्याकडे अर्ज करून ठेवला होता.

म्हणून मी चमचा ठेवला आणि बेडपॅन उचललं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आजींना इन्सुलिन दिलं. मीच दिलं. जेवणाचा ट्रे समोर होता. मी ट्रे पुढे सरकवला, तर आजी म्हणाल्या, "नको. सूनबाई येऊ दे." त्यांचे हात थरथरायचे, स्वतः नीट खाता येत नव्हतं. सून वाटेत अडकली होती. ग्रेस पलीकडच्या खोलीत, तिथला पेशंट एकदम बिघडला होता. मी म्हटलं, "आजी, इन्सुलिन दिलंय, दोन घास तरी खा." त्यांनी मान फिरवली. मी डॉक्टरांना कळवायला बाहेर गेले. परत आले तर आजी घामानं भिजलेल्या. ओठ पांढरे. मला कुणा दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारत होत्या. बोटाला सुई टोचून शुगर बघितली, खूप खाली गेली होती.

मी ज्यूसचं पाकीट फोडलं, पेल्यात ओतलं, मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला. आजींनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. घट्ट. तहानलेल्या लेकरासारख्या गटागटा प्यायल्या. आणखी मागितलं. आणखी दिलं. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाळ, काय झालं गं मला?"

बाळ म्हणाल्या. तेवढ्यात सून आली.

तिनं पेला बघितला. "कोणी पाजलं?"

"मी. शुगर पडली होती."

"तुम्हाला सांगितलं होतं ना? ग्रेसला बोलवायचं."

"वेळ नव्हता."

ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही घेतलंत हिच्या हातून?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी सोडलं.

"मला काय कळतंय गं. मी शुद्धीत होते का? हिनंच तोंडात ओतलं."

मनगटावर त्यांच्या नखांचे वळ होते. ताजे. लाल.

तिथे माझ्यात काहीतरी तुटलं. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "त्या मेल्या नाहीत, ते मी बघितलं. बाटल्या असतील तर ते तुमचं तुम्ही बघा."

आणि बाहेर येऊन औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी राहिले. मोठं काही बोलले असं वाटलं नाही. वाटलं, फाईल गेली.

आजींच्या मुलाची तक्रार संध्याकाळीच आली. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. चिनी बाई, वयानं मोठी. माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. तिनं सरळ सांगितलं, शुगरच्या बाबतीत तुझं काही चुकलं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण तू फॅमिलीला उलट बोललीस. त्यांचं म्हणणं, तू त्यांच्या धर्माचा अपमान केलास.

मी सांगायचा प्रयत्न केला. जात म्हणजे काय, हे इंग्रजीत, केबिनमध्ये, युनिफॉर्म घालून सांगायचं. शब्द सापडेनात. मी म्हटलं, त्यांना माझ्या हातचं चालत नाही.

ती गोंधळली. "पण तुम्ही सगळे इंडियनच ना? सेम सेम. भाषापण सेम."

"हो. भाषा सेम."

"मग?"

मग काय सांगू? माझं इंग्रजी दोन परीक्षांत पास झालेलं. तरी मला ते सांगता आलं नाही.

तिनं एक कागद पुढे केला. माफीपत्र, आधीच टाईप केलेलं. ती इथल्या लकबीत म्हणाली, "साइन ओन्ली, लाह. उद्या त्यांना डिस्चार्ज आहे. मॅटर क्लोज. तुझं अमेरिकेचं पत्रपण मी लगेच देते. नाहीतर केस एचआरकडे जाईल. केस ओपन असली की मी कशी लिहू, कारवाई नाही म्हणून?"

ती धमकी देत नव्हती. तिला खरंच मला मदत करायची होती. म्हणूनच जास्त असहाय वाटलं. रागावण्यासारखं समोर कुणीच नव्हतं.

मी उद्यापर्यंत वेळ मागितला. घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही करून टाक."

"अरे पण..."

"आपण काय पहिल्यांदा ऐकतोय का? मी शाळेत रोज ऐकतो. पोरीची दहावी दोन वर्षांवर आली. तू तिला किती दिवस बघितलं नाहीस? एका कागदासाठी सगळं घालवणार का?"

त्याचं चूक नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. त्याचं काहीच चूक नव्हतं. मी म्हटलं, बरं, करते. आणि त्या वेळी खरंच करणार होते.

सकाळी केबिनमध्ये गेले. पेन हातात घेतलं. सही करण्याआधी वाचावं म्हणून वाचलं. मधलं एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की या कुटुंबाच्या धार्मिक आचाराचा मी मान राखला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.

मी ते पुन्हा वाचलं.

आजवर हे सगळं दुसऱ्यांनी केलं होतं. आईच्या हातावर वरून पैसे टाकले, ते त्यांनी. कंगवा फेकला, तो सुनेनं. मी फक्त गप्प राहिले होते. पण या वाक्याखाली सही म्हणजे मी माझ्या हातानं लिहून देणं, की हो, माझ्या स्पर्शानं माणूस बाटतो आणि हे मला मान्य आहे. मी सही केली तर त्या पत्रावर जाईन अमेरिकेला. पोरीला घेऊन जाईन. आणि तिला काय सांगेन, आपण कशाच्या बदल्यात आलो?

मी पेन खाली ठेवलं. "नाही करणार."

"व्हाय?"

आता शब्द सापडले. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही चिनी आहात म्हणून कुणी तुमच्या हातचं पाणी नाकारलं, तर तुम्ही त्याची माफी मागाल का?"

मी कोरा कागद मागितला. तिथेच बसून माझी तक्रार लिहिली. चमचा, कंगवा, बेडपॅन, ज्यूस. कोण काय बोललं ते जसंच्या तसं. कारण काय, तर जात. तो शब्द इंग्रजीत लिहिला, आणि त्याच्याखाली त्याचा अर्थही लिहिला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

मॅनेजर म्हणाली, "हे दिलंस तर खूप वेळ लागेल. तुझं पत्र अडकेल. थिंक प्रॉपरली."

"द्या एचआरकडे."

आजी त्याच दिवशी घरी गेल्या. व्हीलचेअरवरून माझ्या समोरून गेल्या. बघितलं नाही.

पत्र मिळालेलं नाही. वकिलानं दिलेली मुदत गेली. मी त्याला झालेलं सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, हॉस्पिटल किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही. ग्रेसला अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली. तिनं मला मिठी मारली आणि तीच रडली. नवरा फोनवर कामापुरतं बोलतो. मुलीला मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, "मग आपण नाही जायचं का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिनं विचारलं, "ती आजी बरी आहे का?" म्हटलं, "बरी आहे." मग तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला की रडू आलं म्हणून, ते मला कळलं नाही. मला तिथे जाऊन बघता येत नाही.

काल एचआरनं बोलावलं. ती फॅमिली त्यांची तक्रार मागे घ्यायला तयार आहे. मी माझी मागे घेतली तर दोन्ही केस बंद. स्वच्छ पत्र उद्या हातात.

मी नाही म्हटलं.

त्यांनी विचारलं, नीट विचार केलाय का? केलाय. फाईल गेली तर जाईल. मी रांगेत पुन्हा शेवटून उभी राहीन. तेवढी वर्षं हातात उरली नाहीत तर परभणीला जाईन, पोरीजवळ राहीन, मिळेल त्या दवाखान्यात काम करीन. ती मला बोल लावेल, तेही ऐकीन. पण तक्रार मागे घेणार नाही. जे झालं ते मी लिहून दिलंय. ते झालं नव्हतं, असं मी लिहून देणार नाही.