कोंडवाड्यातला माणूस

धारला आमच्या घरासमोर मोकाट गुरांचा कोंडवाडा होता. पिसाळलेली कुत्री धरणारा म्युनिसिपालिटीचा माणूस तिथंच बसायचा. कुत्र्याशी तो आधी हळू आवाजात बोलायचा, मग फास टाकायचा. एकदा एक कुत्रं त्याच्या मनगटाला चावलं. जखम डागून घेऊन तो पुन्हा कामावर आला. महिन्याभरानं नुसतं पाणी पाहून त्याचा घसा आवळू लागला, तेव्हा तो आपणहून कोंडवाड्यात शिरला. माझ्या वडिलांना म्हणाला, "रावसाहेब, बाहेरून कडी लावा. घरी लेकरं आहेत."

वडिलांनी लावली. त्याची बायको येऊन दाराशी बसली. "लांब बस," तो आतून सांगत राहिला. दुसऱ्या दुपारी त्याचा आवाज थांबला. कडी काढायला आमच्यापैकी कोणी पुढं झालं नाही. शेवटी तिनंच काढली.